गाडीत राजकारण बंद!

मुलांनो, गाडीत बसायचे नियम तुम्हाला ठाऊक असतातच. खिडकीतून हात बाहेर काढायचा नाही, चॉकलेटचे कागद सीटखाली कोंबायचे नाहीत आणि "अजून किती राहिलं?" असं दर पाच मिनिटांनी विचारायचं नाही. हे सगळे नियम मोठ्यांनी लहानांसाठी केलेले असतात. पण एकदा आमच्या गाडीत एक नियम फक्त मोठ्यांसाठी झाला. तो केला माझ्या आईने, म्हणजे आमच्या चिनूच्या आजीने. नियम असा: गाडीत राजकारण बंद!

त्याचं काय झालं, सांगतो.

एप्रिल 2024 ची गोष्ट. लोकसभेची निवडणूक चालली होती. गुढीपाडव्याला, म्हणजे 9 तारखेला, माझा मोठा भाऊ रिसोडहून सगळ्यांना घेऊन आमच्याकडे वाशीमला जेवायला आला. श्रीखंड वाढून झालं आणि टीव्हीवरच्या एका पुढाऱ्याच्या भाषणावर कुणीतरी शेरा मारला. (ते कुणीतरी म्हणजे मीच.) दादाने उत्तर दिलं. मी उत्तराला उत्तर दिलं. श्रीखंडाची दुसरी वाढ येईपर्यंत आम्ही दोघांनी मिळून देशाचा 75 वर्षांचा हिशेब काढला होता. आणि मग मी एक वाक्य बोललो. ते इथे लिहीत नाही, कारण ते दादाच्या मतांबद्दल नव्हतं, दादाबद्दल होतं. दादाने हात धुतले, चप्पल घातली, गाडी काढली. वहिनी आणि ओम त्याच्या मागे धावले. ओमची पुरी तशीच हातात होती.

तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

यातली एक गंमत मला नंतर चिनूने दाखवली. आमचा जिल्हा एकच, वाशीम. 1 जुलै 1998 ला अकोल्यातून वेगळा झाला तो. पण लोकसभेसाठी तो दोन तुकड्यांत वाटला गेलाय. वाशीम आणि कारंजा हे विधानसभा मतदारसंघ यवतमाळ–वाशीममध्ये येतात आणि रिसोड जातो अकोल्यात. म्हणजे ज्या उमेदवारांवरून मी भांडलो त्यांना दादा मत देऊच शकत नव्हता, आणि दादाच्या उमेदवारांना मी! "मग तुम्ही भांडलात कशावरून?" असं चिनूने विचारलं. "पंतप्रधान तर एकच असतो ना!" असं मी म्हटलं खरं, पण तिच्या तोंडावरून तिला ते पटल्यासारखं काही दिसलं नाही.

तर असे बारा दिवस गेले आणि बारसं आलं.

मानोऱ्याला आमची मोठी बहीण, ताई, राहते. तिच्या लेकीला मुलगी झाली. म्हणजे माझी आई पणजी झाली! रविवारी, 21 तारखेला, दुपारी बारसं. आता आमच्या घराण्यात एक पाळणा आहे. तो कुठे छापलेला नाही, तो फक्त आईला येतो. माझ्या आजीकडून तिने तो घेतला. ताईच्या, दादाच्या, माझ्या, चिनूच्या, ओमच्या, सगळ्यांच्या बारशाला तोच म्हटला गेला. त्यामुळे आई गेल्याशिवाय बाळाला पाळण्यात घालायचं नाही, असं ताईने आधीच जाहीर करून टाकलं होतं. माझ्याकडे दुचाकी, आईचं वय 78, ऊन चाळिशीच्या पार. तेव्हा दादाने रिसोडहून यायचं, आम्हाला वाशीमला घ्यायचं आणि मंगरुळपीरवरून मानोऱ्याला जायचं, असं ठरलं. दोन्ही जावा आदल्या दिवशीच पुढे गेल्या होत्या. गाडीत आम्ही पाच जण. दादा चालवणार, शेजारी मी, मागे आई, चिनू आणि ओम. चिनू अकरा वर्षांची, ओम चौदाचा.

आईने बसता बसताच सांगून टाकलं, "हे पाहा, गाडीत राजकारण बंद. पाळीपाळीने गाणी लावा. एकाचं झालं की दुसऱ्याचं."

दादाची गाडी जुनी. तिचा टेपरेकॉर्डर कधीच मुका झालाय. ओमने एक छोटा स्पीकर आणला होता, मोबाइलवर चालणारा. पहिली पाळी त्याचीच. त्याने ए. आर. रहमानचा 1997 चा अल्बम लावला, स्वातंत्र्याला 50 वर्षं झाली तेव्हाचा. छान चाललं होतं. मग पाळी दादाची. त्याने लता मंगेशकरांचं ते गाणं लावायला सांगितलं, चीनच्या युद्धात कामी आलेल्या जवानांवरचं. तुम्ही 26 जानेवारीला हमखास ऐकता ते.

"हे कधीचं गाणं हो, मोठे बाबा?" चिनूने विचारलं.

"27 जानेवारी 1963. दिल्लीत पहिल्यांदा म्हटलं. पंतप्रधान नेहरू समोर बसले होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. शब्द कवी प्रदीप यांचे आणि चाल सी. रामचंद्रांची. ते आपले चितळकर. मराठी माणूस."

"आणि युद्ध कधी झालं?"

"1962 ला."

"जिंकलो?"

"नाही."

"का?"

झालं! दादाने तोंड उघडलं, मी पण उघडलं, आणि मागून आवाज आला, "गाडीत राजकारण बंद!"

आम्ही दोघांनी तोंडं मिटली. पुढची पाळी माझी. मी मनात म्हटलं, आपण लोकगीत लावू, म्हणजे भानगडच नको. मी अण्णाभाऊ साठ्यांची "माझी मैना" लावायला सांगितली. पोटासाठी मुंबईला आलेला एक कष्टकरी गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढतो, असं ते गाणं. पहिल्यांदा हसायला येतं, मग हळूहळू गळा भरून येतो. ओम कान देऊन ऐकत होता. शेवटी शेवटी त्याने विचारलं, "काका, यात मधेच बेळगाव, कारवार कुठून आलं?"

आता सांगणं भाग होतं. मुंबईसह मराठी माणसांचं एक राज्य व्हावं म्हणून संयुक्त महाराष्ट्राची चळवळ झाली. अण्णाभाऊ, अमर शेख, गवाणकर हे शाहीर गावोगाव, चाळीचाळीत गात फिरले. 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला, पण बेळगाव, कारवार बाहेर राहिले. त्या गाण्यातली गावाकडे राहिलेली मैना नुसती बायको राहत नाही, ती पुढे तो तुटलेला मुलूख होते. "म्हणजे हे पण राजकारणच की!" ओम म्हणाला. दादा समोर बघून गाडी चालवत होता, पण त्याच्या मिशा हलल्या. तो हसला होता. मी पाहिलं.

"तुमच्यापेक्षा मी बरं लावते," आई म्हणाली. "भजन लाव बाबा, तुकडोजी महाराजांचं."

आईचे वडील श्रीगुरुदेव सेवा मंडळातले. संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना त्यांनी कधी चुकवली नाही. त्यांची खंजिरी आमच्या घरी अजून खुंटीला आहे. खंजिरी पाहिलीय ना? लाकडी कडं, एका बाजूला कातडं आणि कडेला छोट्या झांजा. हातभर सुद्धा नाही ती. पण ती वाजायला लागली की विदर्भातल्या म्हाताऱ्या माणसांचे हात आपोआप हलायला लागतात.

भजन सुरू झालं. आई टाळ्या धरू लागली. चिनू म्हणाली, "आजी, हे तरी देवाचं आहे ना?"

"देवाचंच आहे," आई म्हणाली. आणि थोडा वेळ थांबून म्हणाली, "पण महाराजांना याच खंजिरीपायी तुरुंगात टाकलं होतं इंग्रजांनी."

आता हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं, पण आपणहून बोलायची सोय नव्हती. आईच सांगत गेली. 1942 ची चळवळ. चिमूर, आष्टी. ऑगस्टच्या 16 तारखेला चिमूरला उठाव झाला. महाराज त्या भागात भजनं म्हणत होते आणि भजन ऐकून माणसं पेटून उठत होती. त्याच महिन्यात सरकारने त्यांना पकडलं. नागपूरच्या, मग रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. आई म्हणाली, "बंदूक नव्हती बापा त्यांच्याजवळ. एवढीशी खंजिरी. माझे बाबा सांगत, सरकार भाषणाला भेत नव्हतं तेवढं भजनाला भेत होतं. भाषण घरी जाईपर्यंत विसरते माणूस. भजन सोबत घरी येते."

"आजी!" ओम ओरडला, "गाडीत राजकारण बंद!"

सगळे हसलो. दादा आणि मी पण. एकमेकांकडे न बघता. आणि त्या हसण्यातच, मंगरुळपीर मागे टाकून बराच वेळ झाला होता, समोरून, म्हणजे बॉनेटमधून, "फुस्स्स" असा आवाज आला आणि काचेवर पांढरी वाफ चढली.

गाडी कडेला घेतली. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी शेतं. घर नाही, दुकान नाही. नशिबाने एक कडुनिंब होता. आईला सावलीत बसवलं. दादाने बॉनेट उघडलं. ओम पुढे झाला आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, एवढ्यात दादा असा ओरडला की झाडावरची पाखरं उडाली.

मुलांनो, हे मात्र नीट वाचा. तापलेल्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण कधीच उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं. उघड्या भांड्यात पाणी 100 अंशांना उकळतं, पण दाबाखाली ते त्याहून जास्त तापलं तरी उकळत नाही. झाकण उघडलं की दाब एकदम जातो आणि ते सगळं पाणी क्षणात उकळून कारंज्यासारखं तोंडावर येतं. शिटी न काढता कुकर उघडायला आई का देत नाही? तेच कारण. निदान अर्धा तास थांबायचं. तोवर हात लावायचा नाही.

आम्ही थांबलो. वाफ बसल्यावर दिसलं. इंजिनातलं गरम पाणी रेडिएटरकडे नेणारा वरचा रबरी पाइप क्लिपच्या जवळ बोटभर चिरला होता. रबर जुनं झालं की उन्हाने, उष्णतेने कडक होतं, मग चिरतं. गाडीतलं पाणी सगळं रस्त्यावर. मोबाइलला एकच दांडी. मंगरुळपीरच्या एका गॅरेजवाल्याला कसाबसा फोन लागला, तर तो म्हणाला, "आज रविवार, पोट्टे सगळे प्रचारात गेले. संध्याकाळी पाठवतो."

संध्याकाळी! घड्याळात साडेबारा झाले होते. आमच्याजवळ दोन बाटल्या पाणी. आईला पाजलं, रुमाल ओला करून तिच्या डोक्यावर ठेवला. पहिल्यांदा ती बोलत होती. "होईल काहीतरी," असं म्हणत होती. मग ती बोलेनाशी झाली. चिनूने मला हळूच विचारलं, "बाबा, आजीला ऊन लागलं का?" मी म्हटलं, "नाही गं." पण माझ्या पोटात गोळा आला. दादा रस्त्याच्या मधोमध उभा राहून दोन्हीकडे बघत होता. एक मोटारसायकल आली, पण तीवर आधीच तिघं होते. मला दादाजवळ जाऊन उभं राहायचं होतं. बारा दिवसांत बोललो नव्हतो, आता काय बोलायचं ते सुचेना.

आणि मग लांबून गाणं ऐकू आलं.

प्रचाराचा टेम्पो! वर दोन कर्णे, बाजूला फलक, आणि गाणं असं दणदणीत की शेतातली ढेकळं हलावीत. तो माझ्या आवडीच्या पक्षाचा होता. (चिन्ह सांगत नाही. तुमच्या घरी भांडण नको.) मी जरा छाती पुढे काढूनच हात केला. टेम्पो थांबला. आतून पंचविशीतला एक पोरगा उतरला.

"काहून थांबले भाऊ?"

त्याने वाकून पाइप पाहिला. "हे तं फाटलं. ट्यूब हाये का? सायकलची?"

नव्हती. त्याने डोकं खाजवलं, टेम्पोकडे पाहिलं आणि तो सरळ टपावर चढला. वरचे कर्णे दांडीला कशाने बांधले होते माहितेय? सायकलच्या ट्यूबच्या लांब पट्ट्यांनी! त्याने एका कर्ण्याची पट्टी सोडली. कर्णा मान टाकून खाली वाकला आणि त्याचं तोंड टपाला लागलं. माझ्या पक्षाचा आवाज एकदम निम्मा झाला. खाली उतरून त्याने गाणंच बंद केलं. "आता आयकू येऊ द्या जरा," तो म्हणाला.

ट्यूबची पट्टी ओढून ओढून चिरलेल्या जागी गुंडाळायची, एका वेढ्यावर दुसरा वेढा चढवत. ती जितकी ताणाल तितकी आवळते. दादा पाइप धरून होता, तो पोरगा वेढे देत होता. शेवटी वरून तार आवळायची होती. दादाने मागे न बघता हात पुढे केला आणि म्हणाला,

"पक्कड दे."

मी पक्कड दिली.

हे बारा दिवसांतलं पहिलं बोलणं.

पाइप बांधला, पण रेडिएटर भरायचा कशाने? टेम्पोत एकच छोटी बाटली. तेवढ्यात मानोऱ्याच्या बाजूने दुसरं गाणं आलं. ही दादाच्या आवडीच्या पक्षाची गाडी! आता दादाने हात केला. गाडी थांबली, चालक उतरला आणि आमच्या पोराला बघून म्हणाला, "अबे, तू इथं काय करून राह्यला?" दोघं एकाच तांड्यावरचे निघाले! मानोरा तालुक्यातले बंजारा. नात्याने मामा-भाचे. या मामाच्या गाडीत कार्यकर्त्यांसाठी ठेवलेले पाण्याचे दोन मोठे जार होते. त्याने आधी पेला भरून आईला दिला. "घे याडी," तो म्हणाला. बंजारा बोलीत याडी म्हणजे आई. मग दुसरा पेला. मग तिचा रुमाल पुन्हा ओला केला. थोड्या वेळाने आई म्हणाली, "त्या पोट्ट्याईले कोनी चहा-पाणी विचारलं का?" आणि मला हायसं वाटलं. आईचं वऱ्हाडी सुरू झालं, म्हणजे आई ठीक होती.

रेडिएटरमध्ये पाणी एकदम ओतायचं नसतं. तापलेल्या इंजिनात गार पाणी गेलं तर धातूला तडा जाऊ शकतो. मामाने इंजिन चालू ठेवून हळूहळू धार धरली. "झाकन पूर्न आवळू नका," त्याने दादाला सांगितलं. "ढिलं ठेवा. दाब झाला तं पट्टी उडंन. हळू चालवा अन् मानोऱ्याले नवा पाइप टाका." हा उपाय गावापर्यंत पोचण्यापुरताच असतो, बरं का. त्यावर महिनाभर फिरायचं नसतं.

हे सगळं चाललं होतं तेव्हा मामाच्या गाडीवरचं गाणं हळू आवाजात चालूच होतं. चिनू कान लावून ऐकत होती. ती पेटी शिकते. ती म्हणाली, "काका, मघाशी यांच्या टेम्पोवर होतं तेच गाणं आहे हे."

"नाही गं," मी म्हटलं, "तो पक्ष वेगळा, हा वेगळा."

"शब्द वेगळे आहेत. चाल तीच आहे."

भाच्याने आपलं गाणं पुन्हा लावलं. एक कर्णा वाकलेला असल्यामुळे ते जरा नाकातून आल्यासारखं येत होतं. दोन्ही गाणी शेजारी शेजारी वाजली, आणि खरंच की! तीच चाल, तोच ठेका. एकात एका नेत्याचं नाव, दुसऱ्यात दुसऱ्याचं. दोन्हीत विकास होता आणि दोन्हीत तो एकाच मात्रेवर येत होता.

मामा हसून हसून वाकला. "अवं पोरी, हे तं आमच्या लेंगीची चाल हाये!"

लेंगी म्हणजे बंजारा लोकांची होळीची गाणी. डफ घेऊन, गोल फेर धरून म्हणतात. होळी होऊन महिनासुद्धा झाला नव्हता. कुठल्या तरी स्टुडिओत कुणीतरी ती चाल उचलली होती आणि दोन्ही पक्षांना विकली होती. "खरी लेंगी कशी असते?" ओमने विचारलं. मामाने भाच्याकडे पाहिलं, भाच्याने दोन्ही गाड्यांची गाणी बंद केली आणि दोघांनी ती तिथेच म्हटली, कडुनिंबाखाली. डफ नव्हता, म्हणून मामाने पाण्याच्या रिकाम्या जारवर ठेका धरला. आईने टाळी धरली. शब्द आम्हाला कळले नाहीत. पण मघाचं ते कर्ण्यावरचं गाणं आणि हे, यांत घरच्या आंब्याइतका आणि बाटलीतल्या आंब्याच्या सरबताइतका फरक होता.

चिनूने जाता जाता भाच्याला विचारलं, "दादा, तुम्ही कुणाला मत देणार?"

"गाडी भाड्याची हाये बेटा," तो म्हणाला. "मत भाड्याचं नाई. अन् ते सांगाचं नसते."

निघताना मी पैसे काढले. त्याने घेतले नाहीत. दादाने ट्यूबची पट्टी परत आणून द्यायचं कबूल केलं. मग तो पोरगा टपावर चढला आणि वाकलेला कर्णा एका गमछाने बांधायला लागला.

दादाने गाडी बेताने चालवली. दर थोड्या वेळाने थांबायचं, पाणी घालायचं, निघायचं. आता गाडीत बोलायला बंदी नव्हती, कारण आई झोपली होती. तरी आम्ही फारसं बोललो नाही. एकदा दादा म्हणाला, "काटा बघत राहा." मी म्हटलं, "बघतोय." आणखी थोडं पुढे गेल्यावर मी म्हटलं, "पाडव्याला मी जे बोललो, ते चुकलं." दादाने गिअर बदलला. म्हणाला, "श्रीखंड चांगलं होतं. मी अर्धंच खाल्लं."

अडीचला पोचलो. बाळ झोपून उठून परत झोपलं होतं. ताईने आधी आईला मिठाचं आणि साखरेचं पाणी पाजलं, मग दम दिला आम्हाला. दारात दोन्ही बाजूंच्या बायका जमल्या होत्या. शेजारच्या एक आजी म्हणाल्या, "आमच्याकडे शिवबाचा पाळणा म्हणतात." दुसऱ्या म्हणाल्या, "आमच्याकडे भीमरावाचा." आईने आमचा म्हटला. आवाज जरा चिरका झाला होता, उन्हाने. चिनू तिच्या मांडीला लागून बसली होती आणि ओठ हलवत होती. तिला निम्मा पाळणा येतो हे मला त्या दिवशी कळलं.

24 तारखेला संध्याकाळी प्रचार संपला. मतदान संपण्याच्या आधीचे 48 तास प्रचाराचे सगळे कर्णे बंद ठेवावे लागतात, तसा कायदाच आहे. 26 ला मी वाशीमला मत दिलं, दादाने रिसोडला. दुपारी त्याने मला शाई लावलेल्या बोटाचा फोटो पाठवला. मी माझ्या बोटाचा पाठवला. कुणाला दिलं, ते दोघांनीही विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती म्हणा!

पुढे त्याच वर्षी, 5 ऑक्टोबरला, पंतप्रधान नरेंद्र मोदी आमच्या जिल्ह्यात आले. मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे. बंजारा लोक तिला आपली काशी म्हणतात, तिथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. तिथे बंजारा संस्कृतीचं मोठं संग्रहालय बांधलंय, नगाऱ्याच्या आकाराचं. त्याचं उद्घाटन होतं. आणि पंतप्रधानांनी तिथे स्वतः नगारा वाजवला. आम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. लगेच दादाचा फोन. आमच्यापैकी एक जण म्हणाला, "देशाच्या पंतप्रधानाने एका समाजाच्या वाद्याला हात लावला, केवढा मान तो." दुसरा म्हणाला, "विधानसभेची निवडणूक तोंडावर आली म्हणून वाजवला." कोण काय म्हणाला, ते तुम्ही ओळखा. पाऊण तास फोन चालला. शेवटी आईने फोन हिसकावून घेतला आणि दादाला विचारलं, "गाडीचा पाइप बदलला का रे?"

बदललाय. बारशाच्या दुसऱ्याच दिवशी मानोऱ्यात नवा टाकला. जुना गॅरेजवाल्याने ठेवून घेतला, पण ट्यूबची पट्टी दादाने सोडवून आणली. ती अजून त्याच्या डिकीत आहे, स्टेपनीच्या खाली. मध्ये दोनदा मानोऱ्याला जाणं झालं, त्या दोघांचा तांडा कोणता ते विचारायचं मात्र त्या दिवशी राहूनच गेलं. तुमच्यापैकी कुणी तिकडचं असेल आणि निवडणुकीत वाकडा कर्णा गमछाने बांधलेला टेम्पो कुणी पाहिला असेल, तर मला पत्र टाका. पट्टी परत करायची आहे.